केसांचे तेल आणि रातपाळी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "केसांचे तेल." फोनवर क्षणभर काहीच ऐकू येईना. मग ते अदबीने म्हणाले, "अण्णा, नव्या श्रमसंहितांवर बोललात तर?" त्यांचे काही चुकले नाही. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या आणि युनियनच्या माणसाने त्यांवर बोलावे अशीच लोकांची अपेक्षा असते. शिवाय आमच्या डोक्याची स्थिती आपण पाहतच आहात. पहिल्या रांगेतील मंडळी हसत आहेत, त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्याला कंगवा विकत घेण्याचे कारण उरले नाही त्याने केशतेलावर बोलणे म्हणजे उपाशी माणसाने पक्वान्नांवर व्याख्यान देण्यासारखे आहे.

तरी विषय आम्ही बदलला नाही. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून विद्वानांनी बोलावे आणि लोकांनी ऐकावे अशी आपली रीत आहे. आम्ही विद्वान नव्हे. नववीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण भोसरीच्या एका वर्कशॉपात लेथवर आणि युनियनच्या कचेरीतील कपाटातल्या पुस्तकांवर झाले. अशा माणसाने आपण पाहिलेले सांगावे, आणि जेथे आपण चुकलो ते आधी सांगावे. आजचा विषय आमच्या एका चुकीतून निघाला आहे.

केस हा काय युनियनचा विषय झाला, असे कोणी विचारील. त्याला आम्ही नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव सांगू. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधणारे आणि १८९० साली त्यांना रविवारची सुटी मिळवून देणारे हे लोखंडे. त्याच सुमारास त्यांनी मुंबईच्या नाभिक बांधवांना एकत्र केले आणि विधवेच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालविणार नाही, असा निर्धार त्यांच्याकडून करविला. म्हणजे आमच्या चळवळीच्या बाळपणीच केस आणि सुटी हे दोन विषय एका माणसाच्या हातात होते. आज आम्हीही या दोहोंविषयीच बोलणार आहो.

आता ती चूक. दहा-बारा वर्षे झाली. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे वायरिंग हार्नेस बांधण्याचे काम चाले. कारखान्याचे नाव येथे सांगत नाही, कारण गोष्ट एकाच कारखान्याची नव्हे. लाइनवर बहुतेक मुली होत्या, बीडच्या, लातूरच्या, यवतमाळच्या, काही आमच्या खेड तालुक्यातल्याही. मागणीपत्रक तयार करायचे होते, म्हणून आम्ही त्यांना सांगितले, तुमच्या अडचणी कागदावर लिहून आणा. त्यांनी वहीच्या पानावर सात कलमे लिहून आणली. पगारवाढ, बस, शौचालय, सुपरवायझरची भाषा, आणि पाचवे कलम असे: "सगळ्यांचे केस फार गळतात. टोपी काढली की आत पुंजका निघतो. याच्यावर काहीतरी करावे."

आम्ही हसलो. आमच्याबरोबरचे कार्यकर्तेही हसले. आम्ही म्हणालो, "बाई, युनियन काय तेलाची बाटली देते काय?" आणि लाल पेनाने पाचवे कलम खोडले. कागद आणणारी मुलगी काही बोलली नाही. तिने पान घडी करून पर्समध्ये ठेवले.

पुढे सहा-सात महिन्यांनी तीच मुलगी रातपाळीत लाइनवर चक्कर येऊन पडली. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सातच्या खाली. बाईचे बाराच्या वर असावे लागते. मग तिच्या मैत्रिणींनीही भीतभीत रक्त तपासून घेतले, आणि बहुतेकींचे बाराच्या पुष्कळ खाली निघाले. मधल्या काळात या मुलींनी काय केले होते? भिशी लावून त्या दर महिन्याला आयुर्वेदिक केशतेलाच्या बाटल्या मागवीत होत्या. एकेक बाटली चारशे रुपयांची. त्या चारशे रुपयांसाठी एकीने दूध बंद केले होते, दुसरीने सकाळचा नाष्टा. केस गळतात म्हणून तेल, तेलासाठी उपास, उपासाने पुन्हा केस. हे चक्र त्यांच्या डोक्यावर फिरत होते आणि ज्या कागदावर त्यांनी ते आम्हांला दाखविले त्यावर आम्ही लाल रेघ मारली होती.

तेव्हापासून आम्ही या विषयाचे जे सापडेल ते वाचीत आलो. त्याचा जमाखर्च आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम केस म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग त्याचे मूळ वाढणे थांबविते, सुमारे तीन महिने तो नुसता बसून राहतो आणि शेवटी गळतो. त्याच्या जागी नवा येतो. धडधाकट माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस अशा रीतीने गळतात. ही निवृत्ती आहे, कपात नव्हे. तेवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

पण टायफॉइड झाला, मोठा ताप आला, बाळंतपण झाले, पोटाला महिनोन्‌महिने पुरेसे मिळाले नाही, मनाला जबर धक्का बसला, तर वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदम काम थांबवितात. ते त्याच दिवशी गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणजे आज कंगव्यात आलेला पुंजका हा आजचा हिशेब नव्हे, ती दोन-तीन महिन्यांपूर्वीची थकबाकी आहे. करोनाच्या साथीनंतर, २०२० आणि २०२१ साली, आपल्या घराघरांत हे झाले. आजार बरा झाला, माणूस कामावर रुजू झाला आणि मग केस जाऊ लागले. आजाराचा आणि केसांचा संबंध आहे हे पुष्कळांच्या ध्यानातच आले नाही.

तेलाच्या धंद्याचे मर्म याच ठिकाणी आहे. अशा प्रकारची केसगळती कारण दूर झाले की बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. माणूस बाटली केव्हा आणतो? गळती ऐन भरात असते तेव्हा. दोन-तीन महिने तेल लावतो, गळती आपल्या मार्गाने ओसरते आणि श्रेय बाटलीला जाते. आमच्या धंद्यातही असे पुढारी असतात. वर्षभर संप चालविणारे निराळेच. हे कराराच्या दिवशी गेटवर येतात आणि गळ्यात हार घालून घेतात. तेव्हा हा प्रकार आम्हांला ओळखू येतो.

मग आयुर्वेद खोटा काय? मुळीच नव्हे. आम्ही चरक वाचला तो मराठी भाषांतरातून, वैद्य मंडळींना विचारून विचारून. डोक्याला रोज तेल लावणाऱ्याचे डोके दुखत नाही, टक्कल पडत नाही, केस अकाली पिकत नाहीत, गळत नाहीत, आणि त्याला सुखाची झोप लागते, असे चरकाने स्पष्ट म्हटले आहे. सुश्रुताने केस जाण्याची रीतही सांगितली: वातासह पित्त केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडते आणि मग रक्तासह कफ ती छिद्रे बुजवितो, म्हणून नवे केस येत नाहीत. त्या काळी सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते. तरी गळणे निराळे आणि पुन्हा न उगवणे निराळे, हा भेद त्यांच्या ध्यानात आला होता. आजचे डॉक्टरही पहिला प्रश्न हाच विचारतात.

पण चरकाने तेलाची गोष्ट कोठे सांगितली आहे हे पाहावे. दिवसभर माणसाने कसे वागावे ते सांगताना, म्हणजे दिनचर्येत. तेथे दात घासणे आहे, अंगाला तेल आहे, स्नान आहे, बेताचे जेवण आहे. रात्रीच्या जागरणाने शरीरात रुक्षता वाढते, असे तोच चरक सांगतो. मीठ आणि क्षार यांचा अतिरेक करणाऱ्यांचे केस जातात आणि पिकतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे तेल ही एका लांब यादीतील एक ओळ आहे. बाटलीवाल्याने ती एकच ओळ कापून घेतली आणि तिला बूच लावले. उरलेली यादी कोणी नेली? ती आमच्या पाळ्यांनी नेली. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रातपाळी. रात्री दोन वाजता वडापाव आणि खारट फरसाण, सकाळी आठ वाजता पत्र्याच्या खोलीत उन्हाच्या झळा आणि शेजारच्या मुलांचा गलका सोसत झोप. ज्याच्या वाट्याला धड दिवस येत नाही, त्याला दिनचर्या कोठली? चरकाचे एक वाक्य घेऊन त्याला चारशे रुपयांना विकणे ही आयुर्वेदाची सेवा खास नव्हे.

आता प्रत्यक्ष तेलाविषयी. आमची आई तेल घरी करीत असे. पावसाळ्यात पाटाच्या कडेला, ओलीत, माका उगवतो. इवलीशी पांढरी फुले. देठ चुरगळला की रस काळा पडतो आणि बोटे काळी होतात. संस्कृतात यालाच भृंगराज म्हणतात. राजाची पदवी मिळालेली ही वनस्पती आमच्याकडे म्हशी तुडवीत जातात. आई माक्याचा रस काढी, त्यात आवळा, जास्वंदीची फुले, थोडी ब्राह्मी आणि कढीलिंबाचा पाला वाटून घाली आणि लोखंडी कढईत खोबरेल तेलात मंद आचेवर शिजवीत बसे.

पुढे आम्ही शार्ङ्गधराचे प्रमाण वाचले: वाटलेला कल्क एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे एक लिटर तेलाला पाव किलो कल्क आणि चार लिटर रस. एवढे पाणी आटवायचे म्हणजे दिवस जातो. ते आटले की नाही याची परीक्षाही ग्रंथात आहे. कल्क बोटांत वळला तर त्याची वात व्हावी आणि ती विस्तवावर धरली तर तडतडू नये. तडतडली की समजावे, पाणी शिल्लक आहे. असे तेल लौकरच खवट होते. आईने शार्ङ्गधराचे नावही ऐकले नव्हते, पण वात ती चुलीत धरून पाहत असे. आमच्या कारखान्यांत ज्याला गुणवत्ता तपासणी म्हणतात ती हीच.

अशा तेलाचा उपयोग होतो काय? येथे आम्ही वजन तोलून बोलतो. २००३ साली मुंबईच्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर लावून पाहिले. धुण्यापूर्वी किंवा धुतल्यावर खोबरेल लावले तर केसांतील प्रथिन कमी झिजते आणि बाकीच्या दोन तेलांनी तसे होत नाही, असे त्यांना आढळले. खोबरेलाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरते, हे त्याचे कारण. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतले होते, हेही सांगितले पाहिजे. पण प्रयोग छापला आहे, ज्याला पाहिजे त्याने तपासावा. माक्याच्या अर्काचे प्रयोग उंदरांवर झाले आणि त्यांत केस लौकर उगवल्याचे दिसले. परंतु उंदराला रातपाळी नसते. माणसांवरचे मोठे, काटेकोर प्रयोग त्या मानाने थोडे आहेत.

तेव्हा पदरात काय पडते? तेलाने केस मऊ राहतो, गुंता कमी होतो, विंचरताना तुटत नाही. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याने केस राठ होतात, त्यांना तेलाचा आधार मिळतो. तुटणारा केस आणि मुळापासून गळणारा केस यांत फरक आहे. पहिल्याला तेल पुष्कळ उपयोगी, दुसऱ्याला थोडे. दहा मिनिटे कोणी डोके चोळून दिले तर जीव निवतो, झोप येते, आणि तो लाभ लहान नव्हे. पण रक्तातले लोह तेलाने वाढत नाही, थायरॉइड सुधारत नाही आणि बापाकडून आलेले टक्कल जात नाही. त्याचा पुरावा आपल्यापुढे उभा आहे. आमच्या आईचे तेल आमच्या डोक्यावर वीस वर्षे जिरले. पस्तिसाव्या वर्षी आम्ही वडिलांसारखे दिसू लागलो. तेल अस्सल होते, टक्कलही अस्सल होते.

ज्यांच्या डोक्यात कोंडा आणि खाज आहे त्यांनी तर तेल जपूनच लावावे. या प्रकारच्या कोंड्यात वाढणारे बुरशीसारखे जंतू तेलातील स्निग्धांशावरच जगतात. वरून तेल थापणे म्हणजे त्यांना कँटीन उघडून देणे होय.

बाटली घ्यायचीच असेल तर मागची बाजू वाचावी. पुढच्या बाजूला कमरेपर्यंत केस सोडलेली बाई असते. मागे बारीक अक्षरात मजकूर असतो. वनस्पतींची नावे पुष्कळ, पण मूळ तेल कोणते? कित्येकदा तेथे खनिज तेल म्हणजे पॅराफिन असते. ते विषारी नव्हे, चकाकी देते, परंतु खोबरेलाचे काम ते करीत नाही. खोबरेलाचीही मौज पाहा. हे खाण्याचे तेल की डोक्याचे, यावर करासाठी वर्षानुवर्षे वाद चालला, कारण केशतेलावरचा कर जास्त होता. शेवटी १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लहान बाटलीत भरले एवढ्यानेच खाद्य खोबरेल केशतेल होत नाही. वाण्याकडचे साधे खोबरेल आणि सजविलेली बाटली यांत आत काय फरक आहे हे गिऱ्हाइकानेही विचारले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. औषधांविषयीचे १९४५ चे नियम आहेत. त्यांच्या 'जे' परिशिष्टात अशा रोगांची यादी दिली आहे की, जे बरे करतो असा दावा औषधाने करावयाचा नाही. कर्करोग, मोतीबिंदू यांच्या पंक्तीला त्या यादीत टक्कलही बसले आहे. सरकारने टकलाला एवढा मान दिलेला पाहून आम्हांला समाधान वाटले. पण आमच्या खोल्याखोल्यांतील मोबाइलवर रोज कोणीतरी टकलावर जंगल उगवून दाखवीतच असतो.

ही पिंपरी म्हणजे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स जेथे उभी राहिली आणि पेनिसिलीन जेथे तयार होऊ लागले ती. आमचा कामगार व्हर्नियर लावल्याशिवाय एक बुश पुढे सरकू देत नाही. तोच कामगार चारशे रुपयांची बाटली फोटो पाहून पास करतो, याचे आम्हांला नवल वाटते. मोजण्याचे साधन तर बोटांतच आहे. पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरावी आणि मुळाकडून टोकाकडे हलकेच ओढावी. एक-दोन केस हातात आले तर ठीक. दर वेळी पाच-सहांहून अधिक आले तर गळती चालू आहे असे समजावे आणि तेलाच्या दुकानाऐवजी डॉक्टरकडे जावे.

हे आम्ही इतक्या आग्रहाने का सांगतो, ते बुलढाण्याच्या गोष्टीवरून कळेल. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून विलक्षण बातमी आली. आधी डोक्याला खाज, मग केस हाताने ओढले तरी निघत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पोरेबाळे, बाया, म्हातारे, दोनशेहून अधिक माणसे. प्रथम पाण्यावर संशय गेला, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. मुलींची लग्ने अडली, लोकांना गावाबाहेर तोंड दाखवेना. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर तेथे गेले. त्यांनी लोकांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले, खाण्यातला गहू तपासून घेतला आणि रेशनवरच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य फार असल्याचा निष्कर्ष २०२५ साली मांडला. ते द्रव्य शरीराला कणभर लागते, जास्त झाले की बाधते. आता विचार करा. त्या गावकऱ्यांना जगातले सर्वोत्तम माका तेल दिले असते, तर काय झाले असते? डोके तेलकट झाले असते आणि गहू तोच राहिला असता. केसांनी तेथे तक्रार नोंदविली होती ती ताटाविषयी.

आमच्या चाकणच्या मुलींच्या केसांनीही ताटाविषयीच तक्रार नोंदविली होती. आम्ही ती दाखल करून घेतली नाही.

आता कामगारांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. रंगखात्यात काम करणाऱ्याने कामावर जाताना डोक्याला तेल लावू नये. तेलाचा किंवा सिलिकॉनचा कण ताज्या रंगावर पडला की तेथे खळगा पडतो, मग सुपरवायझर ओरडतो, आणि या एका बाबतीत तो बरोबर असतो. गॅस वेल्डिंगवाल्याने तेलकट हाताने ऑक्सिजनच्या सिलिंडरला, नळीला किंवा जोडाला हात लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाचे वैर आहे, त्यातून आग लागते. फिरत्या यंत्राजवळ केस बांधून टोपीत घ्यावेत. तेथे शोभेचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. हेल्मेटने टक्कल पडते ही समजूत मात्र सोडून द्यावी. आतली पट्टी घामाने कुबट झाली तर ती धुवावी, हेल्मेट काढू नये.

म्हणून तेलाला योग्य वेळ म्हणजे सुटीच्या आदली रात्र. चमचा-दोन चमचे तेल कोमट करावे, बोटांच्या पेरांनी हळूहळू जिरवावे, सकाळी सौम्य साबणाने किंवा शिकेकाईने धुवावे. ओले केस ओढून विंचरू नयेत, अंबाडा करकचून बांधू नये. नवे तेल असेल तर आधी कोपराच्या आत लावून एक दिवस वाट पाहावी. लोखंड्यांनी मिळविलेल्या सुटीचा याहून चांगला उपयोग क्वचितच असेल, मात्र ती सुटी ओव्हरटाइमला विकलेली नसावी.

आणि केस मुठीने जाऊ लागले, नाण्याएवढा चकता पडला, डोक्याला जखम किंवा पू झाला, किंवा त्याबरोबर थकवा, धाप, पाळीत फार रक्तस्राव, वजनात फरक अशी लक्षणे दिसली, तर तेलात वेळ घालवू नये. ज्यांचे कार्ड आहे त्यांना चिंचवडच्या मोहननगरात ईएसआयचे रुग्णालय आहे. संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा आणि थायरॉइड, एवढी चौकशी प्रथम करावी. घराण्यातले टक्कल असेल तर त्यावरही आज औषधे आहेत; ती घ्यावीत की नाही हे डॉक्टरला विचारून ठरवावे. तरुण पोरांनी त्यासाठी कर्ज मात्र काढू नये. लग्नाच्या बाजारात केसांना भाव आहे हे आम्ही जाणतो. ज्या मुलाला दोन स्थळांनी केसांवरून नाकारले त्याच्याशी आम्ही एक रात्र बोलत बसलो आहो. ते दुःख खरे आहे. त्या दुःखावर व्याज लावणाऱ्यांपासून त्याने जपावे एवढेच आमचे सांगणे.

त्या कारखान्यात पुढे काय झाले ते सांगून संपवितो. चक्कर येऊन पडलेली मुलगी बरी होऊन आली तेव्हा आम्ही तिच्या खोलीवर गेलो आणि तो कागद मागितला. तिने तो जपून ठेवला होता. आम्ही तिच्यादेखत लाल रेघेखाली पुन्हा पाचवे कलम लिहिले, पण या वेळी तीन पोटकलमे करून: रातपाळीला गरम जेवण, त्यात उसळ आणि पालेभाजी, वर्षातून दोनदा रक्ततपासणी, आणि रातपाळी संपल्यावर दुसऱ्या पाळीवर येण्याआधी एक पूर्ण दिवस विश्रांती. वाटाघाटींत व्यवस्थापनाचे साहेब हसले, जसे आम्ही हसलो होतो. आम्ही त्यांच्यापुढे रक्ताचे कागद ठेवले. जेवण मिळाले. रक्ततपासणी दोनदा मागितली, एकदा मिळाली. विश्रांतीचा दिवस मिळाला नाही; तो अजून मागतो आहोत. लोहाच्या गोळ्या आणि जेवण सुरू झाल्यावर सहा-आठ महिन्यांनी पुष्कळ मुलींच्या टोपीतला पुंजका लहान झाला. सगळ्यांचा झाला असे म्हणणार नाही.

तेल त्यांनी सोडले नाही, आणि सोडावे असे आम्हीही म्हटले नाही. बाटलीची भिशी मोडली. आता पावसाळ्यात एका रविवारी त्या मोशीच्या एका खोलीवर जमतात. गावाहून येणारी कोणीतरी पिशवीभर माका आणते. खोबरेल वाण्याचे, कढई घरमालकिणीची. दिवसभर तेल शिजते आणि गप्पा चालतात. आमच्या युनियनच्या त्या कारखान्यातील अर्ध्या सभासद त्या कढईभोवती झाल्या आहेत. वात धरून पाहण्याचे काम आम्हांला एकदा मिळाले होते. ती तडतडली, तेव्हा पोरींनी आम्हांला आणखी तासभर ढवळायला बसविले.

आपल्यापैकी जे निरनिराळ्या कारखान्यांत प्रतिनिधी आहेत त्यांना एवढीच विनंती की, पुढचे मागणीपत्रक करताना कोणी वहीच्या पानावर असे एखादे विचित्र कलम लिहून आणले, तर लाल पेन खिशात ठेवावे आणि लिहिणाऱ्याला आधी विचारावे, तू जेवलास काय, झोपलीस काय.